गुडघे मोजले, धाव मोजायची राहिली

महिला फुटबॉल आणि कृत्रिम गवत हा विषय निघाला की वाद ठरलेल्या वाटेने जातो. एक बाजू म्हणते, प्लॅस्टिकच्या गवतावर मुलींचे गुडघे निकामी होतात, ते ताबडतोब बंद करा. दुसरी बाजू संशोधनाचे दाखले काढते आणि म्हणते, दुखापतींच्या एकूण प्रमाणात फारसा फरक नाही, तेव्हा तक्रार पुरे. २०२६ च्या पुरुष विश्वचषकासाठी उत्तर अमेरिकेतल्या झाडून सगळ्या मैदानांवर खरे गवत घालायचे ठरले आणि हा वाद पुन्हा तापला. मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात, कारण दोघींनीही मोजायला एकच गोष्ट निवडली आहे: मोडलेले शरीर. मैदानाचा परिणाम त्याच्या कितीतरी आधी, धावेत दिसतो. खेळाडू पूर्ण वेग घेते की नाही, घेतलाच तर किती निर्धास्तपणे घेते, आणि तो वेग थांबवायची वेळ आली की पायाखालची जमीन तिला साथ देते का, हे प्रश्न कुणी विचारतच नाही. माझे म्हणणे असे, की ‘गवत की प्लॅस्टिक’ हा वाद दुय्यम आहे. मैदानाची निगा कोण राखतो, ते कुणाच्या शरीराच्या मापाने तपासले जाते आणि त्यावर खेळायची वेळ कुणाला मिळते, यावर स्त्री-खेळाडूची धाव ठरते. या तिन्ही बाबतींत बायकांना आजवर उरलेसुरले मिळाले आहे.

कॅनडाचेच उदाहरण घेऊ. २०१५ चा महिला विश्वचषक तिथल्या सहा शहरांत झाला आणि सहाही मैदानांवर कृत्रिम गवत होते. वरिष्ठ गटाचा विश्वचषक, पुरुषांचा असो वा महिलांचा, त्याआधी कधीच असा खेळला गेला नव्हता. अमेरिकेच्या ॲबी वॉमबाक आणि ॲलेक्स मॉर्गन, जर्मनीची गोलरक्षक नादिन अँगेरर, स्पेनची वेरोनिका बोकेते अशा नामवंत खेळाडूंनी ऑक्टोबर २०१४ मध्ये ओंटारियोच्या मानवाधिकार न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. सुनावणीला वेळ उरला नाही, आयोजक हलले नाहीत, आणि जानेवारी २०१५ मध्ये तक्रार मागे घेतली गेली. स्पर्धेचा पहिला सामना एडमंटनला झाला. हवेचे तापमान अगदी सुखद होते, पण मैदानाच्या पृष्ठभागाचे तापमान ४९ अंश सेल्सियसच्या आसपास नोंदले गेले. अंतिम सामना व्हँकुव्हरच्या बीसी प्लेसमध्ये, तोही प्लॅस्टिकवर. याच बीसी प्लेसमध्ये २०२६ साली पुरुष खेळणार म्हटल्यावर फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेची अट नैसर्गिक गवताची. बरे, हे गवत घालण्याचे तंत्र काल-परवा सापडले असेही नाही. १९९४ च्या पुरुष विश्वचषकात डेट्रॉइटजवळच्या पाँटियाक सिल्व्हरडोममध्ये, म्हणजे चक्क छताखाली, मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी षटकोनी तबकांत वाढवलेली हिरवळ आणून अंथरली होती. छप्पर असलेल्या मैदानात १९९४ साली जे जमले, ते २०१५ साली का जमू नये?

हा अन्याय होता, याबद्दल मला शंका नाही. पण तो लढा ज्या पद्धतीने मांडला गेला, त्यात एक गोष्ट हातातून निसटली. खेळाडू सांगत होत्या की चेंडू वेगळा उसळतो, पाय वेगळा रुततो, स्वतःला झोकून देताना मन कचरते. बातम्यांमध्ये मात्र सोललेल्या गुडघ्यांची छायाचित्रे राहिली. मग समोरच्याला उत्तर देणे सोपे झाले: खरचटण्याने कुणी मरत नाही, आणि मोठ्या दुखापती वाढल्याचा पुरावा दाखवा.

हे उत्तर उडवून लावण्याजोगे नाही. युरोपातल्या अव्वल क्लबांवर आणि नॉर्वेतल्या तरुण मुलींवर झालेल्या अभ्यासांत आधुनिक कृत्रिम गवतावरचे तीव्र दुखापतींचे एकूण प्रमाण खऱ्या गवताच्या जवळपास निघाले. घोट्यासारख्या एखाद्या सांध्याबाबत फरक दिसतो, पण ‘प्लॅस्टिक म्हणजे गुडघ्याचा शेवट’ हे विधान त्या आकड्यांतून निघत नाही. शिवाय ज्या दुखापतींनी महिला फुटबॉल हादरले, त्यांतल्या कित्येक उत्तम हिरवळीवर झाल्या. इंग्लंडमधल्या आर्सेनल क्लबच्या बेथ मीड, व्हिव्हियन मिडेमा, लिया विल्यमसन आणि लाउरा विनरॉयटर या चौघींचे एसीएल, म्हणजे गुडघ्यातला पुढचा लिगामेंट (हाडे जोडणारा अस्थिबंध), २०२२-२३ च्या एकाच मोसमात फाटले. चारही वेळा पायाखाली खरे गवत होते. अमेरिकेच्या मेगन रॅपिनोचा गुडघा डिसेंबर २०१५ मध्ये हवाईत सरावाच्या मैदानावर गेला, तेही गवताचेच. दुसऱ्या दिवशी तिच्या संघाने ज्या मैदानावर उतरायला नकार दिला आणि सामना रद्द झाला, ते मात्र कृत्रिम होते. त्याच्या शिवणी उचकटलेल्या होत्या. एकाच आठवड्यात, एकाच बेटावर, दोन्ही प्रकारची मैदाने धोक्याची निघाली.

विरोधकांचा दुसरा मुद्दा याहून वजनदार आहे. नॉर्वे-स्वीडनमध्ये वर्षातले कितीतरी महिने गवत उगवतच नाही. तिथल्या हजारो मुली फुटबॉल खेळू शकतात त्या कृत्रिम मैदानांमुळेच. पुरुषांचा बोडो-ग्लिम्ट हा नॉर्वेचा क्लबही घरचे सामने अशाच मैदानावर खेळतो आणि युरोपातल्या बड्या संघांना तिथे पाणी पाजतो. एका कृत्रिम मैदानावर दिवसभर खेळता येते. हिरवळीला विश्रांती लागते. ज्या शहरात मुलींना मैदानच मिळत नाही, तिथे ‘गवतच हवे’ हा आग्रह त्यांना मैदानाबाहेर ठेवण्याचे निमित्त होऊ शकतो. आणि एसीएलची कारणे मैदानापुरती नाहीतच. स्नायूंची ताकद, सरावाचा भार, बूट, सामन्यांमधली विश्रांती, वॉर्म-अपची शिस्त हे सगळे त्यात येते; वॉर्म-अपच्या ठरीव व्यायामांनी दुखापती कमी होतात हे तर पुन्हा पुन्हा सिद्ध झाले आहे. हे सगळे मला मान्य आहे.

तरीही ‘फरक नाही’ हा निष्कर्ष मला पटत नाही, कारण तो भलत्याच प्रश्नाचे उत्तर आहे. दुखापतींची गणना खेळाच्या तासांवर होते: हजार तासांमागे किती जणी जखमी झाल्या. त्या हजार तासांत किती वेळा कुणी जीव तोडून धावले, ते त्यात येत नाही. निसरड्या रस्त्यावर सगळेच जपून गाडी चालवतात आणि अपघात कमी होतात, म्हणून रस्ता चांगला ठरत नाही. टणक, भेगाळलेल्या मैदानावर विंगरने, म्हणजे कडेने चढाई करणाऱ्या खेळाडूने, थ्रू बॉलमागे (बचावफळीच्या पलीकडे मोकळ्या जागेत टाकलेल्या पासमागे) अर्धाच वेग लावला, तर ती जखमी होणार नाही. आकड्यांच्या लेखी ते मैदान सुरक्षित. पण तिचा खेळ तर तिथेच संपला! फुटबॉलमध्ये गोल कसे होतात हे पाहिले की याचे गांभीर्य कळते. बुंडेसलिगा या जर्मनीच्या अव्वल साखळीतल्या पुरुषांच्या गोलांचा एक अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यात गोल करणाऱ्या खेळाडूने गोलाआधी केलेली सर्वांत सामान्य हालचाल म्हणजे सरळ रेषेतली वेगवान धाव, सुमारे ४५ टक्के गोलांत. नव्वद मिनिटांत खेळाडू दहा-एक किलोमीटर अंतर कापते. पण निकाल बहुधा त्यातल्या काहीशे मीटरमध्ये लागतो.

त्या काहीशे मीटरचा जमिनीशी व्यवहार कसा होतो? धाव सुरू करताना खेळाडू अंग पुढे झुकवून जमीन मागे ढकलते. पहिल्या पावलांत पाय जमिनीवर साधारण दोन दशांश सेकंद टेकतो. पूर्ण वेगात तो काळ एक दशांशावर येतो. एवढ्या क्षणात स्टडने, म्हणजे बुटाच्या तळाच्या खुंट्यांनी, पकड घेतली पाहिजे, जमिनीने दाब झेलला पाहिजे आणि परत दिला पाहिजे. जमीन फार मऊ असेल तर जोर तिच्यातच जिरतो. वाळूचे टोक घ्या: वाळूवर धावायला टणक जमिनीच्या मानाने दीडपटीहून जास्त ऊर्जा लागते, हे प्रयोगांतून मोजले गेले आहे. उलट जमीन टणक असेल तर वेग मिळतो, पण प्रत्येक पावलाचा हादरा नडगी आणि गुडघ्यावर येतो. शरीर हुशार आहे. पायाखालचा टणकपणा बदलला की पायाचे स्नायू स्वतःचा ताठरपणा बदलून जुळवून घेतात. पण त्यासाठी पुढचे पाऊल कशावर पडणार याचा अंदाज लागतो. एका पावलाखाली हिरवळ, दुसऱ्याखाली टक्कल पडलेली माती, तिसऱ्याखाली आदल्या दिवशीच्या सामन्यातला खड्डा, असे असेल तर तो अंदाज चुकतो आणि पाय आपोआप आखडता घेतला जातो. मला तर वाटते, मऊ की टणक यापेक्षा मैदान सगळीकडे सारखे आहे की नाही, हे धावेसाठी जास्त महत्त्वाचे आहे.

आणि धाव थांबवावीही लागते. एसीएल फाटण्याच्या घटनांच्या चित्रफिती पाहिल्या तर बहुतेक वेळा कुणाचा धक्का लागलेला नसतो. खेळाडू वेगात आलेली असते, थांबते किंवा दिशा बदलते, पाय टेकल्यानंतरच्या सुमारे चाळीस मिलिसेकंदांत लिगामेंट जातो. स्त्रियांमध्ये हा धोका पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट असल्याचे अनेक अभ्यासांत निघाले आहे. इथे पकड दुधारी ठरते. पकड कमी असेल तर वेग मिळत नाही. फार असेल तर शरीर वळते आणि बूट जागचा हलत नाही. चांगल्या हिरवळीत एका मर्यादेनंतर मातीचे ढेकूळ सुटते आणि पाय मोकळा होतो. जुन्या कृत्रिम मैदानात तंतूंच्या मध्ये भरलेले रबराचे दाणे दबून घट्ट बसलेले असतात, तंतू आडवे झालेले असतात, आणि बुटाला अशी सुटका मिळतेच असे नाही.

आता ही पकड तपासली कशी जाते तेही बघा. फिफाच्या दर्जा-चाचणीत स्टड लावलेली एक तबकडी सुमारे ४६ किलो वजनाखाली मैदानावर ठेवून फिरवतात आणि ती फिरायला किती जोर लागतो ते मोजतात. वरच्या दर्जाच्या मैदानासाठी हा आकडा साधारण ३० ते ४५ न्यूटन-मीटरच्या दरम्यान असावा लागतो. धक्का शोषण्याची चाचणी २० किलोचे वजन ५५ मिलिमीटरवरून पाडून होते. या चाचण्या उपयोगाच्या आहेत आणि त्यांच्यामुळे कृत्रिम मैदाने खूप सुधारली, हे निर्विवाद. पण त्यांतली वजने आणि मर्यादा एकच आहेत. हलक्या खेळाडूचा स्टड टणक जमिनीत तेवढा खोल जात नाही, तिच्या पायाची ठेवण वेगळी, वळताना गुडघ्यावर येणारा ताण वेगळा. मैदानाचा दाखला यांतले काहीच विचारत नाही. गंमत म्हणजे आकडेवारी करणाऱ्यांनी हा फरक केव्हाच मान्य केला आहे. पुरुषांची धाव ‘स्प्रिंट’ म्हणून मोजायची तर वेग ताशी २५ किलोमीटरच्या पुढे हवा. २०१९ च्या महिला विश्वचषकाच्या शारीरिक विश्लेषणात ही रेषा २३ ला आखली गेली. धाव मोजताना शरीर वेगळे आहे हे कळते, मग ज्या जमिनीवर ती धाव घ्यायची तिचा कस लावताना का कळू नये?

अभ्यासांबद्दलही एक खबरदारी घ्यायला हवी. ‘फरक नाही’ असे निघाले ते मुख्यतः आधुनिक, बऱ्या स्थितीतल्या मैदानांवर. फिफाचा वरचा दाखला एकाच वर्षापुरता असतो, खालचा तीन वर्षांचा, ते उगाच नाही. मैदान नियमित विंचरावे लागते, दाणे भरावे लागतात, शिवणी पाहाव्या लागतात. हे न झालेल्या मैदानाला त्या अभ्यासाचा निष्कर्ष लावणे म्हणजे फसवणूक आहे. आणि युरोपातला व्यावसायिक पुरुष फुटबॉल काय करतो आहे? नेदरलँड्सच्या अव्वल साखळीने २०२५-२६ पासून कृत्रिम गवताला निरोप दिला, स्कॉटलंडच्या क्लबांनी २०२६-२७ पासून बंदीचा ठराव केला. फरक खरोखरच नसता तर एवढा खर्च त्यांनी कशासाठी ओढवून घेतला?

भारतीय वाचकाला हा वाद नवा वाटू नये. १९७५ मध्ये क्वालालंपूरच्या गवतावर हॉकीचा विश्वचषक जिंकलेला भारत पुढच्याच वर्षी माँट्रियलच्या कृत्रिम मैदानावर सातवा आला. तेव्हापासून आपण ‘टर्फने आपली हॉकी मारली’ असे म्हणत आलो. मला ते अर्धसत्य वाटते. टर्फवर खेळण्यात अपमानास्पद काही नव्हते. ज्या देशांकडे सरावाला तशी मैदाने होती त्यांची मुले रोज त्यावर धावत होती. आपली मुले गवतावर आणि मातीवर वाढत होती आणि स्पर्धेपुरती टर्फवर उतरत होती. सवय आणि परीक्षा यांच्यातली ही दरी नुकसान करते. कुस्तीतले उदाहरण नेमके याच्या उलट म्हणून सांगितले जाते: खाशाबा जाधव तांबड्या मातीत घडले, १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटची सवय नसताना सहावे आले, खऱ्या खेळाडूला पायाखाली काय आहे याने फरक पडत नाही. पण पदक आले ते १९५२ मध्ये हेलसिंकीत, मॅटची आणि तिथल्या नियमांची ओळख झाल्यावर. या उदाहरणातून सवयीचे महत्त्व कमी होते की वाढते?

हीच दरी आपल्या मुलींच्या फुटबॉलमध्ये आहे. महाराष्ट्रात चांगले गवत होऊ शकते का, हा प्रश्न २०२२ ने निकाली काढला. जानेवारी-फेब्रुवारीत एएफसी (आशियाई फुटबॉल महासंघ) महिला आशिया चषक नवी मुंबईचे डी. वाय. पाटील स्टेडियम, अंधेरीचे क्रीडासंकुल आणि पुण्याचे बालेवाडी इथे झाला. ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचे सामने नवी मुंबई, भुवनेश्वर आणि मडगावच्या फातोर्ड्याला झाले, आणि स्पेन-कोलंबिया अंतिम सामनाही नवी मुंबईतच. हिरवळ होती, निगा होती, पाणी होते. पाहुण्या आल्या की सगळे जमते. त्या स्पर्धा पाहून फुटबॉलकडे वळलेली पनवेलची किंवा हडपसरची मुलगी दुसऱ्या दिवशी कुठे धावते?

ती बहुधा दोनपैकी एका ठिकाणी धावते. एक म्हणजे महापालिकेचे किंवा शाळेचे मैदान: मध्ये क्रिकेटची रोलर फिरवलेली खेळपट्टी, भोवती मुरूम, मे महिन्यात दगडासारखे, जुलैत चिखलाचे. दुसरे म्हणजे तासाच्या भाड्याचे जाळीबंद टर्फ. या टर्फनी शहरातल्या मुलींसाठी मोठे काम केले आहे, हे मी मनापासून म्हणतो. दिवे असतात, दार असते, त्यामुळे पालक संध्याकाळी पाठवतात. पण त्यांची लांबी बघा. पूर्ण वेग गाठायला तीस-चाळीस मीटर मोकळी जागा लागते. पाच-पाच जणींच्या टर्फवर दहा-पंधरा पावलांत जाळी येते. तिथे मुलगी चेंडू ताब्यात ठेवायला शिकते, जागच्या जागी वळायला शिकते, आणि दर काही सेकंदांनी करकचून थांबते. लांब धाव तिच्या पायांना माहीतच होत नाही. मांडीच्या मागच्या स्नायूला पूर्ण वेगाची सवय लागते ती पूर्ण वेगात धावूनच. अशी मुलगी सोळाव्या वर्षी निवड चाचणीसाठी पूर्ण लांबीच्या मैदानावर येते, प्रतिस्पर्ध्याच्या मागे चाळीस मीटर धावते आणि मागे पडते. निवड करणारे म्हणतात, वेग नाही. वेग तिच्यात नव्हता की तिच्या टर्फमध्ये मावत नव्हता?

उन्हाचाही हिशेब धरायला हवा. एडमंटनच्या सुखद हवेत प्लॅस्टिक ४९ अंशांवर गेले. एप्रिलमधल्या दुपारी पुण्या-नागपूरला ते कुठे जात असेल? स्पर्धेचे वेळापत्रक आखताना संध्याकाळ मुलांच्या अंतिम फेरीसाठी राखून मुलींचा सामना भर दुपारी टाकला, तर त्या निर्णयाने त्यांची धाव मैदानाच्या प्रकाराइतकीच कापली जाते. तापलेल्या पृष्ठभागावर शेवटच्या वीस मिनिटांत कुणीही स्प्रिंट वाचवूनच मारणार. मग प्रेक्षक म्हणतात, बायकांचा खेळ संथ असतो.

‘एवढे पैसे आणायचे कुठून’ हा आक्षेप येणारच. नव्या मैदानांचे पैसे नसतील, मान्य. पण माझ्या मागणीतला मोठा भाग बांधकामाचा नाहीच. पावसाळ्यानंतर मैदान समतल करणे, धावायच्या पट्ट्यांवर पाणी मारणे, माळ्याला वर्षभर कामावर ठेवणे, आठवड्यातले दोन संध्याकाळचे तास पूर्ण लांबीच्या मैदानावर मुलींच्या नावाने लावणे, आणि टर्फवर शिकवणाऱ्या कोचने आठवड्यातून एकदा मुलींना ॲथलेटिक्सच्या ट्रॅकवर किंवा सरळ मोकळ्या मैदानावर धावायला नेणे. यातले कोणते काम परवडत नाही? आणि कृत्रिम मैदान करायचेच असेल तर करा, मी आडवा येणार नाही. फक्त रबरी दाण्यांचे मैदान घेण्याआधी हे लक्षात असू द्या, की युरोपीय संघाने २०२३ मध्ये सूक्ष्म प्लॅस्टिकच्या कारणाने असे दाणे आठ वर्षांच्या मुदतीत बाजारातून काढायचा नियम केला. तिथे नको झालेला माल स्वस्तात इकडे येईल, आणि तो सगळ्यात आधी कुणाच्या मैदानावर पडेल हे ओळखायला फार डोके लागत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या पालिकेची टर्फसाठीची निविदा निघेल, तेव्हा फुटबॉलवर प्रेम करणाऱ्यांनी ‘गवत का नाही’ एवढेच विचारून थांबू नये. पकडीची चाचणी दरवर्षी होणार का आणि तिचे आकडे फलकावर लागणार का, विंचरण्या-भरण्याचा खर्च पाच वर्षांच्या करारात धरला आहे का, मैदानाची लांबी पूर्ण आहे का, आणि संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत मुलींचे नाव कुठल्या वारी लिहिले आहे, हे लेखी मागावे. माहितीच्या अधिकारात हा अर्ज दहा रुपयांत होतो.